रेवाचं उडायचं वजन

आमच्या घरात रोज सकाळी सात वाजता दोघांचं वजन होतं. आधी रेवाचं, मग माझं. मीनाक्षीच्या वहीत डाव्या पानावर रेवा, उजव्या पानावर मी. रेवा ही आमची मुलगी नव्हे. मुलगी कस्तुरी मँचेस्टरला असते आणि तिचं वजन विचारायची कोणाची छाती नाही. रेवा हा पक्षी आहे, हॅरिस हॉक जातीची शिकारी मादी, आपल्याकडच्या बाज-ससाण्यांची लांबची अमेरिकन नातेवाईक. तपकिरी अंग, विटकरी खांदे, शेपटीला पांढरी किनार, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं. मी तिला बाईसाहेब म्हणतो.

मीनाक्षी माझी बायको. लग्न होऊन साताऱ्याहून नॉटिंगहॅमला आली ती शहात्तर साली, आणि दोन वर्षांनी इथल्या सरकारी हॉस्पिटलात डाएटिशियन म्हणून चिकटली. अठ्ठावीस वर्षं तिने लोकांच्या ताटातले बटाटे मोजले. कोळशाच्या खाणीत उभं आयुष्य काढलेले, आवाजाने छप्पर हलवणारे गडी तिच्या खोलीत शिरताना टोपी काढायचे आणि 'या आठवड्यात फक्त दोनच मीट-पाई खाल्ल्या' असं खाली मान घालून कबूल करायचे. ती कोणावर ओरडायची नाही. फक्त लिहून घ्यायची. ती लिहायला लागली की माणूस आपोआप खरं बोलायला लागतो, हा माझा पन्नाशीपासूनचा अनुभव आहे. पन्नाशीत मला शुगर निघाली आणि मीही तिच्या वहीत गेलो.

माझं नाव कमलाकर. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एकोणतीस वर्षं गेज तपासले. म्हणजे बाकीचे लोक ज्या मापांनी माल मोजायचे, ती मापं खरी आहेत की नाहीत हे मी बघायचो. माझी सही झाल्याशिवाय एकही गेज खात्यात जायचा नाही. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तरी मी माल परत पाठवायचो आणि त्याबद्दल मला अख्ख्या कारखान्याच्या शिव्या खायची सवय होती. हे सगळं आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

मीनाक्षीला हा नाद लावला केनने. केन खाणकामगार. खाण बंद झाली, शुगर वाढली आणि तो तिचा पेशंट झाला. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, तुमचं वजन किती? केन म्हणाला, माझं काय माहीत नाही, पण माझ्या पक्ष्याचं विचारा, पाव औंसापर्यंत सांगतो. आणि खिशातून चुरगळलेली डायरी काढली. अकरा वर्षं रोजचं वजन, रोजचं खाणं, हवा कशी होती, पक्षी हातावर किती वेळात आला. मीनाक्षी ती डायरी घेऊन घरी आली. तिने जेवताना ती वाचली, झोपताना वाचली, आणि मला म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत मला असा एकसुद्धा फूड चार्ट कोणी दिला नाही. आणि ह्या माणसाला मी पोर्शन कंट्रोल शिकवत होते."

तिने केनला सांगितलं की पक्ष्याशी वागतोस तसं स्वतःशी वाग. केनचं वजन दोन स्टोनने, म्हणजे बारा-तेरा किलोंनी उतरलं. आभार मानायला त्याने तिला क्लबवर बोलावलं आणि तिच्या हातावर चामडी हातमोजा चढवून पक्षी बसवला. मी तेव्हा गाडीत पेपर वाचत होतो. परत आली तेव्हा चेहरा असा होता की मला वाटलं, काहीतरी अपघात झाला.

"काय गं?"

"काही नाही. तो पक्षी माझ्याकडे बघत होता."

दोन हजार सहा साली ती रिटायर झाली, पुढच्या ऑगस्टमध्ये रेवा घरी आली. मी विरोध केला. अंड्याच्या पुढे न गेलेला माणूस मी, आणि माझ्या गॅरेजमध्ये एक फ्रीझर आला, त्यात कोंबडीची एक दिवसाची गोठवलेली पिल्लं, पिवळीजर्द, तीनशे नग. कस्तुरी फोनवर म्हणाली, "आई, इट्स सो ग्रॉस! अँड सो कूल. बाबा ओके आहेत ना?" बाबा ओके नव्हते. पण बाबांना विचारलंच कोणी नव्हतं.

तर क्लब. क्लब म्हणजे शेताच्या कडेला एक पत्र्याची खोली, एक किटली आणि पाच-सहा माणसं. त्यात मीनाक्षी एकटी बाई आणि एकटी देशी. तिथे एक विचित्र रिवाज होता. ह्या नादाची एक वेगळी भाषा आहे, शेकडो वर्षांची, आणि केनच्या क्लबात शब्द चुकला की चुकणाऱ्याने त्या दिवशीचे सगळ्यांचे चहाचे मग धुवायचे. पक्षी हातावरून उसळून पायातल्या चामड्याच्या वाद्यांना उलटा लोंबकळला, तर 'फडफडला' म्हणायचं नाही, त्याने 'बेट' केलं म्हणायचं. भक्ष्यावर पंख पसरून ते झाकलं तर 'मँटल'. विष्ठा टाकली तर 'म्यूट'. चोच घासून पुसली तर 'फीक'. मला हे सगळं साहेबी नखरे वाटायचे. केनचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणायचा, खाणीत छताच्या प्रत्येक आवाजाला आमचा वेगळा शब्द होता, कारण कुठल्या आवाजाला पळायचं आणि कुठल्या नाही हे एका शब्दात कळायला हवं. पक्ष्याचंही तसंच. नाव माहीत नसलं तर ते दिसतच नाही.

पहिले तीन महिने सगळे मग मीनाक्षीने धुतले. मग तिने वहीच्या मागच्या बाजूला यादी सुरू केली. एकीकडे त्यांचा शब्द, समोर आपला. 'जेसेस' म्हणजे वाद्या. 'बेट'समोर तिने लिहिलं आदळआपट. 'मँटल'समोर पदराआड घेणं. आणि रानटी पक्ष्याला माणसांची सवय करण्याला ते 'मॅनिंग' म्हणतात, त्याच्यासमोर माणसाळवणं. तो शब्द तिने केनला म्हणून दाखवला, अर्थ फोडून सांगितला, तेव्हा केनने तो चारदा घोळवला आणि म्हणाला, डक, हा आमच्यापेक्षा चांगला आहे. आमच्या ह्या भागात सगळ्यांनाच लाडाने 'डक' म्हणतात, बस ड्रायव्हरपासून डॉक्टरपर्यंत, त्यामुळे ती लाजली नाही. पण घरी येऊन मला दोनदा सांगितलं.

एकाच शब्दासमोरची जागा रिकामी होती. 'राऊज'. पक्षी स्वस्थ झाला, सगळं मनासारखं आहे असं त्याला वाटलं की तो अंगावरचं एकूण एक पीस उभं करतो, दुप्पट जाड होतो, आपादमस्तक एकदा हलतो, आणि मग सगळी पिसं पुन्हा जागच्या जागी बसतात. पक्षी पाळणारा माणूस दिवसभर त्याचीच वाट बघत असतो. "अंग झाडणं म्हटलं की ओला कुत्रा डोळ्यांसमोर येतो," मीनाक्षी म्हणायची. "शहारणं म्हटलं की थंडी वाजल्यासारखं. फुलणं बरं आहे, पण फुलं हलत नाहीत हो." मी म्हणायचो, "लिही, नाटकं करणं." मी मुद्दाम चुकीचे शब्द वापरायचो. म्यूटला शी म्हणायचो. घरी मग धुवायची शिक्षा नव्हती, कारण ते मीच धुतो.

माणसाळवणं आमच्या स्वयंपाकघरात चाललं. पहिले पंधरा दिवस मीनाक्षी डाव्या हातावर रेवाला घेऊन उजव्या हाताने पोळ्या लाटायची. रेवाने बेट केलं की ती न बोलता तिला हाताने उचलून पुन्हा मुठीवर बसवायची. वीस वेळा, तीस वेळा. एकदाही 'च्' नाही. मी टीव्हीवर क्रिकेट बघत असलो की दोघी मागे येऊन उभ्या राहायच्या. मग लांब दोरी बांधून उडवणं, मग दोरीशिवाय. सप्टेंबरअखेर आमच्या मागच्या मैदानात, आर्नल्ड ह्या आमच्या उपनगराची घरं जिथे संपतात तिथे, रेवा शंभर यार्डांवरच्या खांबावरून सुटायची आणि शिट्टी ऐकली की गवतालगत येऊन वर उचलल्यासारखी मुठीवर बसायची. मीनाक्षी दर वेळी हसायची. तीस वर्षांत मी तिला इतकं हसताना बघितलं नव्हतं, आणि ह्याचा मला थोडा रागही यायचा.

"प्रेमबीम काही नाही त्यात," मी म्हणालो. "मांसाचा तुकडा दिसतो म्हणून येते."

"हो, भूक असते म्हणूनच येते," ती म्हणाली. "पण जायला मोकळी असते ना? तरी येते."

सगळं ह्या भुकेवर आहे. प्रत्येक पक्ष्याचं एक उडायचं वजन असतं. त्याच्या वर गेलं की पोट भरलेलं, माणसाकडे यायचं काही कारणच नाही. त्याच्या फार खाली गेलं की पक्षी खंगतो. मधली जागा वीसेक ग्रॅमची. रेवाचं उडायचं वजन नऊशे चाळीस. ते शोधायला मीनाक्षीला सहा आठवडे लागले आणि त्यासाठी काटा लागला.

काटा तिने जुन्या बाजारातून आणला, दुकानातला, लोखंडी, दोन पारड्यांचा. डिजिटल काट्यावर तिचा विश्वास नाही, बॅटरी उतरली की खोटं बोलतो म्हणते. केनने डाव्या पारड्याच्या जागी पक्ष्याला बसायला लाकडी दांडी बसवून दिली, हवी तेव्हा काढता येणारी. आणि तो खरा करायचं काम माझ्याकडे आलं. मी तोंड वाकडं केलं, पण तीन दिवस त्यावर घालवले. सगळा खोलला, गंज काढला, काटा ज्यांवर टेकतो त्या धारा घासल्या. अर्ध्या ग्रॅमला हलायला लागला तेव्हा तिला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "आता मला कसली काळजी नाही."

मग दिवाळी आली.

दर दिवाळीला मीनाक्षी फराळ करते आणि तो मला मोजून देते. त्या वर्षी ठरलं, चिवडा रोज चाळीस ग्रॅम, चकली एक. चाळीस ग्रॅम चिवडा म्हणजे किती हे ज्याला माहीत नसेल त्याने मोजून बघावं. दोन बकाणे. आणि तो मोजायचा कशावर, तर मी स्वतः खरा केलेल्या काट्यावर, लाकडी दांडी काढून तिथे वाटी ठेवून. धनत्रयोदशीच्या सकाळी मी त्या वाटीकडे बघितलं आणि शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर बसून स्वतःचं पिल्लू संपवणाऱ्या बाईसाहेबांकडे बघितलं. मला वाटलं, हिला तरी पंख आहेत.

मी गॅरेजमध्ये गेलो, स्टीलचे चार वॉशर घेतले आणि उजव्या पारड्याच्या खालच्या अंगाला ब्लू-टॅकने, म्हणजे एका चिकट लांबीने, चिकटवले. वजनांच्या बाजूला. आता वाटीत सहासष्ट ग्रॅम पडल्याशिवाय काटा चाळीसला येणार नव्हता. काम नीटस झालं होतं, वरून काही दिसत नव्हतं, आणि वजनं पारड्यातच ठेवायची आमची पद्धत असल्यामुळे रिकामा काटा कलतोय हेही कळणार नव्हतं. रेवाचं वजन त्याच काट्यावर होतं हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मनात आलं होतं. पण मी म्हटलं, एवढ्या मोठ्या पक्ष्याला सव्वीस ग्रॅम म्हणजे काय? केसाच्या जाडीवरून माल परत पाठवणारा मी, आणि मी म्हटलं, सव्वीस ग्रॅम म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी वहीत रेवा एकदम नऊशे पंधराला उतरलेली. मीनाक्षी चरकली. "रात्री फ्रॉस्ट होता, त्यामुळे असेल," ती म्हणाली आणि त्या दिवशी तिने अर्धं पिल्लू जास्त दिलं. रोज थोडं थोडं जास्त देत तिने आठवड्यात आकडा पुन्हा नऊशे चाळीसवर आणला. मैदानात रेवा हातावर यायला जरा वेळ लावायला लागली होती. "फटाक्यांनी बिथरलीय," मीनाक्षी म्हणाली. मी चिवडा खात होतो. चिवडा उत्तम झाला होता.

दिवाळीनंतरच्या शनिवारी क्लबची शिकार होती, शहराच्या उत्तरेला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुरणात. तिथे सशांनी उच्छाद मांडला होता. रेवाची ही पहिलीच. मीनाक्षीने सकाळी पुन्हा वजन केलं, नऊशे चाळीस, काटा अगदी मध्यावर. तिने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी डबा घेऊन बरोबर गेलो, तिचं कौतुक बघायला. हे खरं आहे, मला बघायचंच होतं.

रेवा तिच्या हातावरून सुटली ती सरळ एका ॲशच्या झाडावर. झुडपातून ससा निघाला, दोन मीटरवरून गेला. रेवाने मान वळवून त्याला जाऊ दिलं. मीनाक्षीने मूठ वर केली, शिट्टी दिली. रेवाने बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. पुन्हा शिट्टी. मग ती उठली आणि कुंपण ओलांडून ओकच्या झाडावर गेली, तिथून पुढच्या, तिथून कुरणापलीकडच्या रानाच्या कडेला. पायातली घुंगरं थोडा वेळ ऐकू येत होती. तीन तास आम्ही झाडाझाडाखालून हाका मारत फिरलो.

"हाय आहे ती, डक," केन म्हणाला. म्हणजे वजन चढलंय. "आकडा काय होता?"

"नऊशे चाळीस."

"काटा बघून घ्यायला हवा."

"काटा ह्यांनी तपासलाय, केन," मीनाक्षी म्हणाली. "ह्यांच्या काट्यात चूक नसते."

मी तिथेच उभा होतो, हातात डबा घेऊन. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. चार वाजता अंधारायला लागलं आणि आम्ही रेवाला न्यायची-आणायची पेटी रिकामी घेऊन घरी आलो.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी ती वही उघडून बसली. कोट अंगात तसाच. पान मागे उलटायची, पुढे उलटायची, पेन्सिलने खुणा करायची. मी चहा ठेवला, तो निवला.

"माझंच काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "थंडीचा अंदाज मी चुकीचा धरला. काटा बरोबर, मग मीच चुकले ना? अठ्ठावीस वर्षं लोकांना शिकवलं आणि मला हे कळलं नाही. राहू दे आता. सापडली नाही तर मी हे बंद करणार. सापडली तरी केनला देऊन टाकणार. आपलं वय आहे का हे?"

मला तिचा आवाज ऐकवेना. ती रडली असती तर मी सहन केलं असतं. पण ती स्वतःला वजा करत होती, एकेका वाक्यात, आणि मी समोर बसून बघत होतो. मी उठलो, मागच्या खोलीत गेलो, पारडं उलटं केलं आणि चारही वॉशर आणून तिच्या वहीवर ठेवले.

"हे काय?"

"काट्याखाली होते. वजनांच्या बाजूला. मी लावले." मग लाज वाटत असूनही सांगायलाच लागलं, "चिवड्यासाठी."

ती उठली, ते घेऊन काट्याकडे गेली, आणि समोर वजनं ठेवत गेली. वीस. पाच. एक.

"सव्वीस," ती म्हणाली. "कधीपासून?"

"धनत्रयोदशीपासून."

"एकोणतीस वर्षं तुम्ही..." ती म्हणाली आणि थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला प्रचंड राग आलाय. पण आत्ता त्याला वेळ नाहीये."

ती पुन्हा टेबलाशी बसली. ह्या वेळी कोट काढून. पेन्सिल झरझर चालायला लागली. "म्हणजे आज सकाळी ती नऊशे सहासष्टला होती. ह्या थंडीत उपाशी पोटी दिवसाला वीसेक ग्रॅम उतरते. उद्या संध्याकाळी येईल नऊशे चाळीसला, पण तोवर अंधार पडेल." तिने आकड्याभोवती गोल केला. "परवा सकाळी. मध्ये स्वतःच काही मारून खाल्लं नाही तर परवा सकाळी ती येईल."

आपण चुकलो नव्हतो हे तिला कळलंय, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. मला खूप बरं वाटलं आणि स्वतःची तितकीच घृणा आली. केनला तिने फोन केला. "काट्यात फरक होता, सव्वीस ग्रॅमचा," एवढंच सांगितलं. कोणामुळे ते सांगितलं नाही.

रविवारी आम्ही उजाडायच्या आधी रानाच्या कडेला होतो. नवाच्या सुमाराला घुंगरू ऐकू आलं. रेवा एका बर्चच्या झाडावर बसली होती, ऊन खात. मीनाक्षीने मूठ वर केली. रेवाने ती बघितली, पण हलली नाही. केन म्हणाला, दोन रात्री गेल्या की पक्षी हळूहळू आपला राहत नाही, मन घट्ट कर. मीनाक्षी म्हणाली, "उद्या." दिवसभर ती त्या झाडाखाली फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून होती, फक्त रेवाला आपण दिसत राहावं म्हणून. माझ्याशी कामापुरतं बोलत होती. थर्मास द्या. हातमोजे कुठायत.

दुपारी मी केनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मला ते चालेना. त्याने विचारलं, चिवडा म्हणजे काय? माझ्या खिशात पुडी होती. त्याने एक बकाणा भरला, चावला, आणि हसायला लागला तो खोकला येईपर्यंत हसत राहिला. मग म्हणाला, ह्या गुन्ह्याला आमच्याकडे शब्द नाही, म्हणून नियमही नाही. पण सीझन संपेपर्यंत सगळे मग तुझे. आणि ही पुडी माझी.

सोमवारी आम्ही तिघे पोचलो तेव्हा कुरण हिमकणांनी पांढरंफटक झालं होतं. पावलांखाली गवत करकरत होतं. बर्च रिकामा होता. मीनाक्षी थांबली. रेवा स्वतःच शिकार करायला शिकली असली, कुठे पोटभर खाऊन बसली असली, तर संपलंच. चाळीस ग्रॅम चिवडा मला पुरला नाही म्हणून हे झालं, आणि हे मला उरलेलं आयुष्य आठवत राहणार.

मीनाक्षीने मोज्यात तुकडा धरला, मूठ वर केली आणि शिट्टी दिली. एकदाच.

घुंगरं मागून आली. रेवा आमच्याच मागच्या कुंपणात होती, कदाचित उजाडल्यापासून आमच्या मागोमाग. ती गवतालगत आली, माझ्या गुडघ्याजवळून गेली आणि मुठीवर उतरली. पंख मिटले. मीनाक्षीने वाद्या बोटांत धरल्या. रेवाने तुकडा संपवला. मोज्यावर चोच घासली, डावी, उजवी. मग इकडेतिकडे बघितलं, आम्ही तिघे आहोत ना हे बघितल्यासारखं, आणि अंगावरची सगळी पिसं उभी केली. केवढी तरी मोठी झाली, डोक्यापासून शेपटीपर्यंत हलली, आणि पिसं पुन्हा बसली.

"हुश्श!" माझ्या तोंडून निघालं. दोन दिवस धरलेला श्वासच होता तो.

मीनाक्षीने वळून माझ्याकडे बघितलं. शनिवारनंतर पहिल्यांदा.

"अहो, हाच," ती म्हणाली. "हाच शब्द. राऊज म्हणजे हुश्श करणं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. माझेही डोळे भरून आले, थंडीमुळे असं मी केनला सांगितलं. केनने तो शब्द म्हणून बघितला. त्याला तो पहिल्या झटक्यात जमला.

घरी आल्यावर तिने रेवाला पेटीतून काढलं, यादीतली रिकामी जागा भरली, आणि जेवण झाल्यावर काटा उचलून आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. दांडी, पारडं, वजनांची पेटी, सगळं.

"तेवढा तपासून ठेवा. सकाळी लागेल."

"मी नको," मी म्हणालो. "केनला सांग. दुसऱ्या कोणालाही सांग."

"दुसऱ्या कोणाचा मला भरवसा नाही," ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

मी काटा गॅरेजमध्ये नेला, दिवा लावला आणि सगळा खोलला.